दूध सोडल्याचं कारण

"आई, तुला नाही जमायचं," एवढंच आमची पोरगी म्हणाली आणि मी फसले.

डिसेंबरअखेर ती पुण्याहून अमरावतीला आली होती. तिच्या ऑफिसातल्या पंधरावीस जणांनी जानेवारीचा महिनाभर व्हिगन राहायचं ठरवलं होतं. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, ताक, तूप, लोणी, झालंच तर मधसुद्धा नाही. फोनवर त्यांचा एक ग्रुप होता, त्यात रोज आपल्या ताटाचा फोटो टाकायचा. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं. ती माझ्या हातातल्या कपाकडे बघत ते वाक्य बोलली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पस्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं ते चहाच्या जोरावर. दिवसाला सहा कप, तेही घट्ट दुधाचे, आलं ठेचून. पण मला कोणी "जमणार नाही" म्हटलं की माझं डोकं फिरतं. हा माझा जुना रोग आहे आणि त्याला औषध नाही. मी म्हटलं, "टाक माझं नाव." झालं. विकतचं दुखणं घरात आलं.

पहिल्या तारखेला सकाळी दूधवाला आला, तेव्हा मी त्याला सांगितलं की महिनाभर अर्धाच लिटर टाक, साहेबांपुरतं. तो गडी बारा वर्षांपासून आमच्याकडे दूध घालतो. त्याचा चेहराच पडला.

"काहून मॅडम? पानी वाटलं काय दुधात?"

"नाही रे बाबा. मी दूध सोडलं."

"डाक्टरनं सांगतलं?"

"नाही."

"मंग म्हशीनं काय केलं तुमचं?"

पुण्याच्या ग्रुपवर म्हशीच्या बाजूनं पुष्कळ लिहून येत होतं, ते मी त्याला ऐकवलं असतं तर तो उद्यापासून शेजारचंही दूध बंद करून निघून गेला असता. मी दार लावून घेतलं.

पोरीनं जाताना सोयाबीनचं दूध करायला शिकवलं होतं. आता आमचा हा सगळा मुलूख सोयाबीन पेरणारा. बियाण्यापासून बाजारभावापर्यंत आमच्याकडचं शेंबडं पोर बोलेल. पण त्याचं दूध काढता येतं हे सांगायला पुण्याहून माणूस यावा लागला. रात्री भिजवा, सकाळी वाटा, फडक्यातून गाळा, उकळा. एवढं करून जे निघालं त्याला ओल्या पोत्याचा वास येत होता. चहात घातलं तर चहा फाटला. मी तो फाटलेला चहा डोळे मिटून प्यायले, आणि आमचे हे समोर बसून बशीत ओतलेला दुधाचा चहा असा सुर्र करून प्यायले की बत्तीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच माहेरी जावंसं वाटलं. माहेरी आता कोणी नाही, म्हणून राहिले. दुसऱ्या दिवसापासून काळा चहा सुरू केला.

जेवणाचं मात्र मला काहीच जड गेलं नाही, आणि हीच गंमत पोरीला कळत नव्हती. ज्वारीची भाकरी, तेलातलं पिठलं, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. वरच्या तुपाचा थेंब सोडला तर वऱ्हाडातला माणूस अर्धा जन्म असाच जेवतो. मी पिठलं-भाकरीचा फोटो टाकला की ग्रुपवर लाल बदामांचा पाऊस पडायचा. "काकू, रेसिपी प्लीज!" पिठल्याची रेसिपी! मी लिहिलं, बेसन घ्या आणि रागात ढवळा. त्यालाही अकरा बदाम आले.

सहाव्या दिवशी यांनी कलाकंद आणला. कशासाठी आणला ते मला पक्कं माहीत आहे, पण ते अजून कबूल करत नाहीत. मी एक वडी फ्रिजच्या दाराआड उभी राहून खाल्ली. ग्रुपवर त्या दिवशी वांग्याच्या भरताचा फोटो गेला. भरतही खाल्लं होतं, त्यामुळे फोटो खोटा नव्हता.

आता हळदीकुंकवाचं सांगते, कारण सगळं रामायण तिथे घडलं.

संक्रांतीनंतर आमच्या कॉलनीत रोज कुठे ना कुठे हळदीकुंकू असतं, आणि दर घरी मसाला दूध. पहिल्या घरी मी व्हिगन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. एकीनं विचारलं, "म्हणजे जैन?" दुसरी म्हणाली, "साखर वाढली असंल, लपवून रायली." दुसऱ्या घरी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या घरी एका बाईनं माझा हात धरून हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. चौथ्या घरापर्यंत माझा संयम संपला होता. नेमकी तिथे माझ्या थोरल्या बहिणीची नणंद बसली होती. तिनं दुधाचा पेला माझ्या अगदी तोंडाजवळ आणला आणि म्हणाली, "घ्या न वं, एका पेल्यानं काय होते?"

मी पेला परत केला आणि तडकून म्हटलं, "महिनाभर दूध-तूप सोडलंय मी. कारण विचारू नका!"

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. नणंदबाईंनी तर पेला खाली ठेवून मला चक्क नमस्कार केला. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं यांना. मी खुशीत तिळगूळ घेऊन घरी आले.

इतकी वर्षं या मातीत काढून माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्याकडे बाई आवडता पदार्थ सोडते आणि कारण सांगत नाही, म्हणजे तिनं नवस बोललेला असतो. नवस कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की तो फळत नाही. त्यामुळे कारण न सांगणं हाच पुरावा. पहिल्या तीन घरी मी खरं कारण सांगितलं ते कुणाला पटलं नाही आणि चौथ्या घरी गप्प बसले तर सगळ्यांना कळलं.

दोन दिवसांनी दुपारी फोन वाजला. अकोल्याहून. माझी थोरली बहीण, जिला मी लहानपणापासून बाई म्हणते. नाव बघून माझा हात थांबला, कारण बाई आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो.

भांडण कढीवरून झालं होतं. बाईच्या नातवाचं बारसं होतं, बार्शीटाकळीजवळ त्यांच्या मळ्यात. शंभर माणसांची कढी बाईनं हौसेनं स्वतः केली होती. पंगतीत मी पहिला भुरका मारला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, ताकात पानी टाकलं का पान्यात ताक टाकलं?" पंगत खो खो हसली. बाईचे व्याहीही हसले, तिथेच माझं चुकलं. बाई पदर खोचून आत गेली. त्यानंतर ना तिचा फोन, ना माझा. मी का करू? मी खरं बोलले होते. कढी पाणीच होती.

मी फोन उचलला.

"मी बोलून रायली," बाई म्हणाली. आवाज बसलेला होता. "मले समजलं वं सारं."

"काय समजलं?"

"सांगू नको! अजिबात सांगू नको. म्या विचारलं नाई अन् तू सांगतलं नाई. नणंदबाईचा फोन आला होता. तोंडाजवळचं दूध परत केलं म्हने, अन् कारन विचारू नका म्हने. तवाच मी समजली." मग तिनं नाक ओढलं. "मले वाटलं होतं, माह्या ऑपरेशनचं आयकूनबी तू येनार नाई. अन् तू तं तिकडं दूध सोडून बसली."

ऑपरेशन? माझ्या जिभेवर आलेला प्रश्न मी कसा गिळला ते मलाच ठाऊक. तिला कोणतं ऑपरेशन आहे, कधी आहे, काय झालंय, मला अक्षरसुद्धा माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "बाई, कायजी नको करू. मी येतो."

फोन ठेवला आणि यांना विचारलं. हे पेपर खाली न घेताच म्हणाले, "पित्ताशयात खडे झालेत. पिशवी काढायची आहे. भाऊजींनी मागच्या महिन्यातच सांगितलं मला."

"आणि मला?"

"तुला कसं सांगायचं? अकोल्याचं नाव काढलं की तू भांडी आपटतेस."

आपटण्यासाठी हातात पातेलं होतं, ते मी हळूच ओट्यावर ठेवलं. लाज वाटली, खरंच सांगते. डॉक्टरांच्या लेखी हे ऑपरेशन किरकोळ असेल, पण आमच्या घरी ते किरकोळ नव्हतं. आमची आई असल्याच एका किरकोळ ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली होती. बाई तेव्हा अठराची होती, मी बाराची. आई चालत आत गेली आणि नंतर आम्ही तिला पाहिलं ते चादरीखाली. बाईनं त्यानंतर स्वतःची बाळंतपणंसुद्धा घरीच केली. ती बाई आता टेबलावर झोपायला तयार झाली होती, आणि तिच्या मनाला जो काही आधार होता तो माझ्या काळ्या चहाचा होता. म्हणजे पुण्याच्या ऑफिसातल्या एका खेळाचा.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याच्या गाडीत बसले. बडनेरा ते मूर्तिजापूर मी खरं कसं सांगायचं याची वाक्यं जुळवली आणि मूर्तिजापूर ते अकोला एकेक करून ती खोडली.

बाई दारातच उभी होती. वाळली होती. मला मिठी मारून तिनं सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि अभिमानानं दाखवलं: तुपाचा डबा माळ्यावर, दह्याचं भांडं शेजारणीकडे. माझ्या भाकरीसाठी नवा तवा, कारण जुन्यावर कधीतरी तूप सोडलं असेल. पुण्याचा ग्रुप बाईपुढे काहीच नव्हता. बेसनाच्या पातोडीचा रस्सा वाढताना तिनं तीनदा शपथ घेतली की सगळं तेलातलं आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "माह्या बहिनीनं सोडलं." काय ते सांगायची, कशासाठी ते नाही. ऐकणारीनं मान डोलवायची. मी तिथे एखाद्या पावणाऱ्या देवीसारखी बसले होते आणि पोटात कलाकंदाची ती वडी दगड होऊन बसली होती. मी नवससायास मानणारी नाही. तरी त्या वडीचा हिशेब करत होते: ती सहाव्या दिवशी खाल्ली, बाईचा फोन विसाव्या दिवशी आला, म्हणजे ती धरायची की नाही?

खरं सांगायचं राहून गेलं. बाई इतकी हसत होती की माझं तोंडच उघडेना.

ऑपरेशन जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, महिना संपायच्या आत सगळं उरकेल, कुणाला काही कळायचं नाही. पण दोन दिवस आधी डॉक्टरांनी रक्त तपासलं तर साखर आभाळाला भिडलेली. ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकललं. भाऊजींनी शोध घेतला तेव्हा बाईच्या उशाखाली तिळाच्या लाडवांचा डबा सापडला. भेटायला येणाऱ्या बायांनी आणलेले लाडू ही एकेक करून फस्त करत होती! मी फोनवर अशी बरसले की विचारू नका. मी इकडे महिनाभर काळं पाणी पिऊन बसले आहे आणि ही तिकडे लाडू खाते आहे.

"तू सोडलं न," बाई शांतपणे म्हणाली. "मंग मले वाटलं, माह्याकडून थोडं चालते."

एकतीस तारीख आली. पोरीनं फोनवर माझ्या नावाचं रंगीत प्रमाणपत्र पाठवलं, कोपऱ्यात हसरी गाय. ग्रुपवर सगळे उद्या काय काय खाणार ते लिहीत होते. पनीर, बटर चिकन, आइस्क्रीम. पहिल्या फेब्रुवारीच्या सकाळी आमच्या यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्यासाठी चहा केला. आलं, वेलची, वर साय. कप माझ्यासमोर ठेवून ते पुरस्कार द्यायला आलेल्या पाहुण्यासारखे उभे राहिले.

मी कप उचलला. वास आला. महिनाभरानंतर त्या वासानं डोळ्यांत पाणी येतं, खोटं नाही. पैज संपली होती, मी जिंकले होते, बाई तीस कोस लांब होती. मी चहा घेतला काय आणि न घेतला काय, तिला कोण सांगणार होतं? आणि हे सगळं नीट समजत असूनही माझा हात ओठापर्यंत जाईना. मी स्वतःलाच रागावले. गणिताची मास्तरीण तू, अकोल्यातल्या पित्ताच्या पिशवीचा अमरावतीतल्या कपाशी संबंध काय? काहीच नाही. मी कप यांच्या पुढ्यात सरकवला.

"आता काय झालं?" हे म्हणाले.

"तुम्ही घ्या. मला काळा करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पातेलं पुन्हा ठेवलं. तो चहा कडू झाला होता, पण मी तसं म्हटलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला गेले. सकाळी दवाखान्यात बाईला हिरवा झगा घातला होता, बांगड्या काढल्या होत्या, वेणी मी घातली. भाऊजी कागदांवर सह्या करायला खाली गेले. बाईचा हात माझ्या हातात थंडगार होता.

"आता सांग वं मले," ती म्हणाली. "काय बोलली तू देवाजवळ?"

"सांगू नाई म्हनत होती न तू?"

"तवा म्हनली होती. आता आत जाऊन रायली. नाई उठली तं मले कधी समजनार?"

गप्प राहणं सोपं होतं. महिनाभर मी गप्पच होते आणि सगळं छान चाललं होतं. पण ती ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होती त्या नजरेला मी खोटं देऊ शकले नाही. सगळं सांगितलं. पोरीशी लावलेली पैज, ग्रुप, फोटो, कलाकंद. नणंदबाईंवर मी नुसती तडकले होते, नवस वगैरे काही नव्हता. आणि सगळ्यात वाईट ते शेवटी सांगितलं: "बाई, तुहं ऑपरेशन आहे हेच मले माहीत नव्हतं. तुह्या फोननं समजलं."

बाई वरच्या पंख्याकडे बघत राहिली. तिनं हात सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. मला वाटलं, झालं. ही आता आधाराशिवाय आत जाणार आणि ते माझ्यामुळे.

"म्हंजे एका महिन्याची पैज," ती म्हणाली.

"हाव."

"महिना तं कवाच संपला."

"अकरा दिवस झाले."

"मंग आज सकाळी कँटीनमदे काळा चहा काहून पिली? तुहे भाऊजी सांगत होते."

मी नुसती तिची वेणी नीट करत राहिले. ती नीटच होती.

बाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मंग ते अकरा दिवस माह्ये," ती म्हणाली. "पुरते तेवढे. मायच्या वक्ताले आपल्यातून कोनी एक दिवसबी काई सोडलं नव्हतं."

मग दोन नर्सा आल्या आणि तिला घेऊन गेल्या. वळणावर तिनं एकदा हात वर केला. दीड तासानं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सगळं ठीक आहे. भाऊजींनी माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती आत गेल्यापासून मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते, आणि ते मला कुणी सोडायला सांगितलं नव्हतं.